लायनीत उभा तो प्रवासी

मी एकदा बस जिन्यावरून नेली आहे. कागदावर नेली, पण नेली.

घाटकोपरच्या टेकडीवरल्या एका वस्तीतून अंधेरीकडे येणारी बस फार वळसे घेते असं माझ्या लॅपटॉपनं मला सांगितलं. म्हणून मी तो वळसा पुसला आणि दोन ठिपक्यांच्या मध्ये एक सरळ तांबडी रेघ ओढली. अकरा मिनिटं वाचली. ती अकरा मिनिटं मी भिंतीएवढ्या पडद्यावर भल्यामोठ्या अक्षरांत दाखवली. आमची सल्लागार कंपनी पवईतल्या एका काचेच्या इमारतीत होती आणि उपनगरांतल्या बसमार्गांची फेररचना करून द्यायचं काम आम्हाला मिळालं होतं. कुठली बस कुठून जावी, किती वेळानं सुटावी, कुठली बंद करावी, कुठली नवी काढावी, हे सगळं मी ठरवणार होतो. मी स्वतः बसमध्ये शेवटचा कधी चढलो होतो, ते मात्र मला कोणी विचारलं नव्हतं.

समोर बसखात्याचे साहेब लोक बसले होते. शेवटच्या रांगेमागे भिंतीला टेकून एक किडकिडीत गृहस्थ उभे होते. खुर्च्या रिकाम्या असून उभे.

"ओ पवई," ते म्हणाले, "ती तांबडी रेघ जरा मोठी कर."

मी केली. अभिमानानं केली.

"मध्ये काय आहे?"

"रस्ता आहे सर."

"किती रुंद?"

"नकाशात... अरुंद दिसतोय, पण करता येईल."

"एकशे बारा पायऱ्या आहेत. मधे सार्वजनिक नळ आणि वर गणपतीचं देऊळ. बस नळावर थांबवायची की देवळात न्यायची, तेवढं सांग. म्हणजे तसा बोर्ड लिहायला टाकतो."

सभागृह हसून हसून वाकलं. माझा बॉसही हसला, आणि त्याच्यापाठोपाठ, लाचारीनं, मीही. ते गृहस्थ तेवढे हसले नाहीत. पुढं मी त्यांना पुष्कळदा पुष्कळांचा असाच बळी घेताना पाहिलं. घेतल्यावर ते कधी हसत नसत. पान खाऊन थुंकल्यासारखं माणसाला बाजूला टाकत आणि पुढच्या विषयाकडे वळत.

हे वामन धुरी. खात्याचे जुने स्टार्टर, म्हणजे बसचौकीत बसून गाड्या वेळेवर सोडणारा माणूस. पुढं बढती मिळून निरीक्षक झाले, निवृत्तीला वर्षभर उरलं होतं आणि आमच्या फेररचनेसाठी खात्यानं त्यांना आमच्या गळ्यात बांधलं होतं. सभा संपल्यावर ते माझ्यापाशी आले. "उद्या सकाळी सातला जिन्याच्या तळाशी ये. लॅपटॉप घेऊन ये."

गेलो. एकशे बारा पायऱ्या त्यांनी मला मोठ्यानं मोजत चढायला लावल्या. नळावर बायकांची झुंबड होती. तिथं धुरी थांबले आणि म्हणाले, "हे इंजिनेर इथून बस आणणार आहेत. काय विचारायचं ते विचारा."

एक म्हातारी खरंच पुढं झाली. "एसी असेल ना रे बाबा?"

दुसरी म्हणाली, "एसी राहू दे, आधी माझा हंडा वर ने."

मी हंडा नेला. लॅपटॉप धुरींनी धरला, दोन बोटांच्या चिमटीत, मेलेला उंदीर धरावा तसा.

धुरी मालवणकडचे. वडील गिरणीत होते, मुलगा बसला लागला. ठेंगणे, सुके, पांढरा सदरा कडक इस्त्रीचा, पायात कॅनव्हासचे बूट. सदऱ्याच्या दुसऱ्या बटणाला सुतळीनं बांधलेली शिसपेन्सिल, वरच्या खिशात लांबट वही. साध्या रागात असले की मालवणी बोलत. खरा राग आला की स्वच्छ सरकारी मराठीत येत, आणि मग समोरच्याची वाट लागली म्हणून समजावं. बसमध्ये ते कधी बसत नसत. मालाडपासून मुलुंडपर्यंत अख्खी बस रिकामी असली तरी दांडा धरून उभे. का, विचारलं तर म्हणायचे, "मी कामावर आहे. बसायला घर आहे."

त्यांच्या स्टार्टरकीच्या दिवसांतल्या गोष्टी डेपोत अजून सांगतात. त्यांच्या चौकीवर रांग लागे ती आखल्यासारखी. नियम एकच होता आणि तो धुरींनीच केलेला: लायनीत उभा तो प्रवासी. कठड्यावर बसलेला, पानवाल्याशी गप्पा मारणारा, सावलीत टेकलेला, हे कोणी प्रवासी नव्हेत. बस लागली की ते मागाहून येऊन आपल्या जागेवर हक्क सांगत, धुरी त्यांना शेपटाला पाठवत. गरोदर बाई असो, आजोबा असोत. "बसायचं होतं ना? बसा मग."

मालाडच्या चौकीवर मढकडची एक कोळीण रोज पहाटेच्या बसला यायची. गुडघे गेलेले. ती आपली टोपली लायनीत ठेवायची आणि स्वतः बाजूच्या दगडावर बसायची. एके दिवशी धुरींनी तिला मागं जायला सांगितलं. बाई तयारीची होती.

"माझी टोपली हाय ना लायनीत! पुढून तिसरी हाय. डोळे फुटलं का तुझं?"

"टोपली लायनीत आहे?"

"हाय!"

"बरोबर," धुरी म्हणाले. पुढची दोन माणसं चढली, मग धुरींनी टोपली उचलली, अदबीनं बसमध्ये ठेवली, आणि घंटी मारली. बस सुटली. टोपली अंधेरीला गेली आणि बाई दगडावर राहिली. तिनं अशा काही शिव्या घातल्या की चौकीतल्या घड्याळाचा काटा थांबला म्हणतात. धुरींनी वहीत वेळ लिहिली. त्यानंतर ती बाई कधी बसली नाही. त्या गुडघ्यांवर उभी राहायची.

हा किस्सा मला सांगणारा कंडक्टर पोट धरून हसत होता. मीही हसलो. दुसऱ्या दिवशी ऑफिसात मी तो अभिनयासह करून दाखवला आणि टोपलीचं काम माझ्या बॅगेनं केलं.

पण ह्याच माणसानं मला माझं काम शिकवलं, हेही सांगायला हवं. त्या जिन्यानंतरच्याच आठवड्यात मी त्यांना तिकिटांच्या मशीनमधले आकडे दाखवले होते. कुठल्या स्टॉपवर किती चढले, कुठं किती उतरले, रंगीत रंगीत.

"चढलेले आहेत हे," धुरी म्हणाले. "राहिलेले कुठं आहेत?"

"कोण राहिलेले?"

"ज्यांका बस मिळूक नाय ते! भरलेली बस स्टॉपवरून तशीच जाते, माणसं बघत राहतात. त्यांना तिकीट कोण देतो मेल्या? तुझं मशीन म्हणतं त्या स्टॉपवर चार माणसं. तिथं चाळीस उभी असतात!"

मग त्यांनी ती लांबट वही उघडली. वीस वर्षांच्या तसल्या वह्या त्यांच्याकडे होत्या. सुट्टीच्या दिवशी, कामाला जाता-येता, त्यांनी ठिकठिकाणी राहिलेली माणसं मोजून ठेवली होती. कोणी मागितल्या नव्हत्या. खात्यात त्यांनी दोनदा दाखवल्या, दोन्ही वेळा साहेबांनी चहा मागवला आणि चहा येईपर्यंत चाळल्या.

तर फेररचनेचा पाया हा ठरला. गाड्या तेवढ्याच, वाढणार नव्हत्या. जिथं तिकिटं कमी आणि राहिलेलं कोणी नाही तिथली बस काढायची, आणि जिथं माणसं लटकतात तिथं द्यायची. आम्ही मोजायला निघालो. रस्त्याच्या एका बाजूला धुरी, दुसऱ्या बाजूला मी. त्यांच्या बाजूची बस गेली की ते हात वर करत. एक बोट म्हणजे एक माणूस राहिला, बंद मूठ म्हणजे दहा. मी ते पत्रकात लिहायचं आणि माझी पेन्सिल वर करून दाखवायची. मग ते हात खाली घेणार. पेन्सिल दिसेपर्यंत हात खाली येत नसे. मालाडच्या मालवणी रस्त्यावर पहिल्याच सकाळी त्यांनी पाच वेळा मूठ दाखवली, आणि तेवढ्यात माझी पेन्सिल गटारात पडली. मी खिसे चाचपतोय, समोर धुरी हात वर करून उभे. बस आल्या, गेल्या. शेवटी ट्रॅफिक हवालदार त्यांच्यापाशी गेला. "काका, काय होतंय का? बसा जरा." धुरी त्याच्याकडे न बघता मला ओरडले, "पवई! पन्नास! लिही मेल्या, हात मोडून पडात!"

मग आली मरोळच्या टेकडीची बस.

ही एक छोटी गाडी होती. टेकडीवरल्या वसाहतीतून निघायची, पायथ्याशी मोठ्या रस्त्यावर एक थांबा घ्यायची आणि मग इस्पितळावरून स्टेशनला जायची. तिकिटं अगदीच कमी होती. धुरींनी ते पत्रक माझ्याकडे सरकवलं. "ह्या पायथ्याच्या स्टॉपवर तू एकटा जा. मी तिथंच राहतो. माझी मोजणी कोणी धरणार नाही, आणि धरू पण नये."

मी तीन सकाळी गेलो. स्टॉपला छप्पर नव्हतं, नुसता खांब. उन्हं सातलाच चटका देत होती. खांबापासून वीस पावलांवर एक बंद पडलेली पिठाची गिरणी, तिला तीन रुंद पायऱ्या आणि पायऱ्यांवर सावली. तिथं सात-आठ माणसं बसलेली असायची. काठीवाले एक आजोबा, पायाला प्लास्टर घातलेला एक जण, आणि एक साठीची बाई, कापडी पिशवी मांडीवर घेऊन. तिच्या डाव्या दंडाला पांढरी पट्टी होती. लायनीत पाच-सहा धडधाकट माणसं. बस यायची, लायन चढायची, बस सुटायची. पायरीवरली माणसं तोवर उठून, एकमेकांना हात देऊन, दुसऱ्या पायरीपर्यंत आलेली असायची. मग पुन्हा बसायची. चौथ्या-पाचव्या बसचा एखादा चालक दया येऊन थांबे तेव्हा ती चढत.

"गेली काय रे झिला बस?" त्या बाईनं पहिल्या दिवशी मला विचारलं.

"गेली मावशी. पुढची वीस मिनिटांनी."

"तू काय लिवतंस?"

मी सांगितलं. राहिलेली माणसं मोजतोय, म्हणजे बस सुधारतील.

"मगे माका पण मोज. तीन बशी गेल्यो माझ्यो."

आता इथं मला गप्प बसता आलं असतं. पण मला तेव्हा कुणाचं तरी शिकलेलं वाक्य ऐटीत फेकायची फार हौस होती. "लायनीत उभ्या राहा मावशी, लगेच मोजतो. लायनीत उभा तो प्रवासी."

ती हसली. "उभ्यान रवाक जमला असता तर बसलंय कित्याक असतंय?" मग ती सरकली आणि शेजारची पायरी हातानं झाडली. "बस. उनात कित्याक उभो? सावळेक बस."

आणि मी बसलो! हे लिहिताना माझे कान तापतात, पण बसलो. तिन्ही सकाळी मी त्या पायरीवर, त्या न मोजलेल्या माणसांच्या मध्ये, तिच्या शेजारी सावलीत बसून पत्रकात लिहीत होतो: राहिलेले, शून्य. राहिलेले, शून्य. तिनं मला सांगितलं की आठवड्यातून तीनदा तिचं रक्त मशीनवर धुतात, उशीर झाला तर तिची वेळ दुसऱ्याला देतात आणि मग तिला दुपारपर्यंत ताटकळत ठेवतात. मशीनच्या आधल्या दिवशी पाय सुजतात, श्वास पुरत नाही. नवरा काय करतो विचारलं, तर म्हणाली, "कामार असता. सदाचोच कामार असता."

धुरींनी पत्रक पाहिलं. "शून्य?"

"शून्य."

"नीट बघितलंस?"

"लायनीत कोणीच राहत नाही सर. एकदाही नाही."

त्यांनी तिन्ही शून्यांवर एकेक करून पेन्सिल टेकवली. मग पत्रक फाइलीत गेलं आणि टेकडीची बस बंद करायच्या यादीत.

सोमवारी शेवटचं सादरीकरण होतं. प्रत्येक बंद मार्गाच्या पत्रकावर धुरींची सही लागत होती आणि एक पत्रक सहीवाचून राहिलं होतं. अर्थात तेच. रविवारी सकाळी मी त्यांच्या घरी गेलो. पायथ्याशीच, गिरणीच्या मागच्या इमारतीत तिसरा मजला. दार उघडलं ते पांढऱ्या पट्टीच्या हातानं.

"अगो बाय! ह्यो तर माझो लायनीवालो!"

मला पाहून तिला खरोखरचा आनंद झाला. मला हात धरून आत नेलं. धुरी खिडकीत उभे राहून पेपर वाचत होते.

"अहो, ह्योच तो झिल. मी सांगलंय ना, माका म्हणता, लायनीत उभी रव, मगे मोजतंय! कसो बोलता बघा, थेट तुमच्यासारखो!" ती हसत हसत आत गेली, आमच्यासाठी सोलकढी आणायला.

धुरींनी पेपराची घडी घातली. "पायरीवर किती माणसं असायची?" एकदम स्वच्छ सरकारी मराठी.

"सात-आठ. एकदा नऊ."

"रोज?"

"रोज."

"आणि आपण शून्य लिहिलंत."

मला ते आयुष्यात पहिल्यांदा 'आपण' म्हणाले.

"तुम्हीच सांगितलं होतं सर, लायनीत उभा तो..."

"हो. मीच सांगितलं होतं."

आतून भांड्यांचा आवाज येत होता. मी म्हणालो, "सर, मी पत्रक बदलतो. आता बदलतो. नऊ लिहितो."

"बाकीच्या स्टॉपांचं काय?"

"म्हणजे?"

"सगळीकडे पायऱ्या आहेत. ओटे आहेत, कठडे आहेत. तिथल्या बसलेल्यांना मोजलंत?"

"नाही सर."

"मग इथलेच का मोजायचे? इथं माझी बायको बसते म्हणून?"

ह्याला उत्तर होतं. "मग सगळं पुन्हा मोजू या," हे ते उत्तर. पाच शब्दांचं. दोन महिने लागले असते, बॉसनं मला उभा चिरला असता, पण उत्तर होतं, आणि मला अजूनही वाटतं की धुरी त्याचीच वाट बघत होते. कारण ते पेपराची घडी उलगडत होते आणि पुन्हा घालत होते. मी त्या वेळात काय विचार करत होतो? सोमवारसाठी मी नवा निळा शर्ट आणला होता. तो घालून मी पडद्यासमोर कसा दिसेन, हा.

मी फाइल उघडली आणि पेन पुढं केलं.

धुरींनी माझं पेन घेतलं नाही. टेबलावरचं स्वतःचं घेतलं, उभ्यानंच फाइल खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली आणि सही केली. नेहमीसारखी, खाली रेघ ओढून, तारीख घालून.

ती सोलकढीचे पेले घेऊन आली. "कसली सही?"

"तुझी बस बंद केली," धुरी म्हणाले.

तिनं माझ्याकडे बघितलं, मग त्यांच्याकडे. चेष्टा आहे की काय ते चाचपलं. मग पेला माझ्या हातात दिला.

"बरां झालां," ती म्हणाली. "नायतरी थांबत खंय होती?"

सोलकढी झकास होती. मी दुसरा पेलाही घेतला.

फेररचना यशस्वी झाली. हे मी थट्टेनं म्हणत नाही. टेकडीची गाडी आणि तशाच आणखी काही गाड्या मालाडला गेल्या. तिथं मी नंतर जाऊन उभा राहिलो, एकही मूठ वर करावी लागली नसती. आमच्या ऑफिसात प्रशस्तिपत्र फ्रेम करून लावलंय. मरोळच्या मोठ्या रस्त्यावरून एक नवी, मोजके थांबे घेणारी एसी बस सुरू झाली. तिला वेग यावा म्हणून मी पायथ्याचा स्टॉप गाळला. पुढचा थांबा सिग्नलच्या पलीकडे, धडधाकट पायांना दहा मिनिटं.

धुरी निवृत्त झाले. निरोपसमारंभात मी भाषण केलं, टोपलीचा किस्सा सांगितला, टाळ्या घेतल्या. ते उभं राहून ऐकत होते.

त्यानंतर महिन्याभरानं कंपनीनं मला त्या नव्या बसचे फोटो काढायला पाठवलं. सकाळची साडेसातची वेळ. पायथ्याशी बस जरा मंदावली, कारण पुढं डंपर होता, आणि मला ते दोघं दिसले. जुना खांब उपटलेला, तिथं फुटपाथला नुसतं भोक. त्या भोकाशी ती उभी होती, आणि तिच्या मागं, हातभर अंतर ठेवून, धुरी. दोघांची लायन. गिरणीची पायरी वीस पावलांवर, सावलीत, मोकळी. तिचा हात मागं त्यांच्या मनगटावर होता. रिक्षा येत होत्या. एक थांबली, जवळचं भाडं ऐकून मान हलवून निघून गेली.

धुरींना काचेत मी दिसलो. त्यांनी हात वर केला. दोन बोटं.

फोटोंच्या यादीच्या कागदावर मी '२' लिहिलं आणि पेन काचेला लावून दाखवलं. हात खाली आला.

ह्यानंतर मी त्या बसनं जायला लागलो. मंगळवार, गुरुवार, शनिवार, तिच्या मशीनचे दिवस. मी राहतो मुलुंडला, मला ती अजिबात सोयीची नाही. कशाला जातोस, असं बायकोनं विचारलं तर मी म्हणालो, अभ्यास करतोय. रोज दोन बोटं, रोज मी लिहायचं, पेन दाखवायचं. कागद भरला. पायथ्याशी थांबा द्यावा असं मी बॉसला ईमेलनं कळवलं. म्हणजे ईमेल लिहिलं. ते अजून मसुद्यांत आहे, भाषा जरा सुधारायची आहे.

एका गुरुवारी चालकानंच बस थांबवली. धुरींच्या हाताखाली तयार झालेला जुना माणूस होता, कंत्राटावर ह्या बसवर आलेला. दार उघडून तो ओरडला, "मास्तर! या लवकर, वहिनींना घ्या!"

तिनं पाय उचलला. खरंच उचलला, पायरीच्या दिशेनं. धुरींनी तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"स्टॉप आहे का इथं?" त्यांनी चालकाला विचारलं.

"मास्तर, काय हे... चढा हो, मागं गाड्या वाजतायत!"

"बोर्ड दाखव. कुठं आहे बोर्ड?"

"नाही बोर्ड, पण..."

"मग दार बंद करा आणि गाडी वेळेवर न्या. पुन्हा थांबवलीत तर लेखी कळवीन."

अख्खी बस ऐकत होती. कोणी तरी म्हणालं, "अरे चढवून घ्या ना म्हातारीला, काय माणूस आहे!" मी दारापासून दोन सीटवर होतो. उठून दोन पावलं टाकली असती तर तिचा हात हातात आला असता. ती उघड्या दारातून आत बघत होती, आणि तिला मी दिसलो. ती ओळखीचं हसली. मग दार बंद झालं, आणि काचेपलीकडे धुरींचा हात वर गेला. दोन.

मी लिहिलं.

मग मला तीन आठवडे बंगळूरला पाठवलं, तिथल्याही बस सुधारायला. परत आल्यावर पहिल्याच मंगळवारी मी खिडकीची सीट धरली. पायथा आला. धुरी उभे होते, त्याच भोकापाशी, इस्त्रीचा सदरा, बटणाला पेन्सिल. एकटेच. मला पाहून त्यांनी हात वर केला.

एक बोट.

दोनाचं एक झालं! माझ्या डोक्यात पहिलं हेच आलं. म्हणजे तिला बस मिळाली, कोणी तरी गाडी धाडली, मुलगाबिलगा आला असेल. राहिलेले निम्म्यावर आले. पन्नास टक्के सुधारणा. मला इतकं हलकं वाटलं की कागदपेन काढायचं सुचलंच नाही. मी काचेला नाक लावून हसलो आणि त्यांना अंगठा वर करून दाखवला. झकास!

ती पंधरा दिवसांपूर्वीच गेली होती, हे मला दुसऱ्या दिवशी डेपोच्या कँटीनमध्ये कळलं. तिथं चालक सांगत होता की मास्तर तरीही मंगळवार, गुरुवार, शनिवार येऊन उभे राहतात, आणि गाडी मंद केली तर ओरडतात. मी चहा घेत होतो. माझा अंगठा कपाच्या कानात अडकलेला होता, त्याच्याकडे बघत राहिलो. त्यानंतर मी त्या बसनं गेलेलो नाही.

पण त्या मंगळवारी मला एवढंच दिसलं की धुरी माझ्या अंगठ्याकडे बघतायत आणि हात खाली घेत नाहीत. ते पेनाची वाट बघत होते. मी लिहून घेतल्याशिवाय ते हात खाली घेत नसत, आणि मी काही लिहिलं नव्हतं. बस सिग्नलला वळली तेव्हा बोट वरच होतं.